‘पोस्तिला’ आणि ‘अपोस्टील’: धर्मग्रंथाच्या समासातील टिपेचे हे जुने नाव कुठून आले?

दुभाषी, फोंडा

सर्वांना नमस्कार. मी पोर्तुगीजमधील जुन्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करून देते. गोव्यात या कामाला तोटा नाही. आजोबांची जन्मनोंद, पणजोबांचे मृत्युपत्र, बागायतीच्या हद्दीचा एखादा जीर्ण दस्त असे काही ना काही प्रत्येक घराच्या पेटीत असतेच आणि वाटणीचा किंवा पारपत्राचा विषय निघाला की ते बाहेर येते. त्यामुळे ‘अपोस्टील’ हा शब्द माझ्या कानांवर रोज पडतो. परदेशात दाखवायच्या दाखल्याच्या पाठीमागे परराष्ट्र मंत्रालयाची जी चिकटपट्टी लागते, तिला सारेजण याच नावाने ओळखतात.

या शब्दाची एक व्युत्पत्ती आपल्याकडे फार ऐकू येते. ख्रिस्ती कोंकणीत येशूच्या शिष्यांना ‘आपोस्तल’ म्हणतात, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पाठवलेला’ असा आहे आणि हा कागदही परदेशी पाठवायचा असतो, म्हणून अपोस्टील हे आपोस्तलाचेच रूप असावे, असे सांगितले जाते. ऐकायला हे सुसंगत वाटते. परंतु अलीकडे जुन्या लॅटिन धर्मग्रंथांची एक सूची वाचत असताना मध्ययुगीन बायबल-भाष्यांच्या शीर्षकांत ‘पोस्तिला’ हा शब्द पुन्हा पुन्हा आढळला. तेथे त्याचा अर्थ ‘पवित्र ग्रंथाच्या समासातील टीप’ असा दिला होता. पोर्तुगीजमध्ये ‘आपोस्तिला’ म्हणजे कागदाच्या कडेला किंवा शेवटी जोडलेली टीप, हे मला कामामुळे ठाऊक आहे. मग पोस्तिला, आपोस्तिला आणि अपोस्टील हे तिन्ही एकाच कुळातले म्हणायचे काय? तसे असेल तर मूळ शब्द कसा तयार झाला आणि बायबलच्या पानावरून तो सरकारी शिक्क्यापर्यंत कसा पोहोचला?

आणखी एक अडचण आहे. हा शब्द जुन्या धार्मिक मजकुरात आला, तर मराठीत त्याला काय म्हणावे? टीप, टिप्पणी, टीका, शेरा, विवरण असे पाच शब्द माझ्यासमोर आहेत आणि पाचांचे वजन वेगवेगळे आहे. लॅटिन जाणणाऱ्यांनी आणि पोथ्या हाताळणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


लॅटिनवाचक, मडगाव

दुभाषीबाय, आपली शंका रास्त आहे. पोस्तिला, आपोस्तिला आणि अपोस्टील हे तिन्ही एकाच कुळातले शब्द आहेत आणि आपोस्तलाशी त्यांचे नाते नाही. मात्र हा निर्वाळा नुसता देऊन भागणार नाही, कारण हा शब्द ज्या वर्गांत आणि ज्या पानांवर वाढला, ती पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ नीट कळत नाही.

लॅटिनमध्ये ‘पोस्त’ म्हणजे ‘नंतर’ आणि ‘इल्ला’ म्हणजे ‘ते’ किंवा ‘ती’ (अनेकवचनी). ‘पोस्त इल्ला वेर्बा तेक्स्तुस’ म्हणजे ‘पाठातील त्या शब्दांनंतर’. या शब्दसमूहाची पहिली दोन पदे जुळून ‘पोस्तिला’ झाले, अशी फोड बहुतेक कोश देतात. ती ‘संभाव्य’ म्हणूनच दिलेली असते, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण शब्दाच्या जन्माचा लेखी दाखला कोणी मागे ठेवलेला नाही. तरीही ही फोड मनाला पटते, कारण ती प्रत्यक्ष पद्धतीशी जुळते. गुरू बायबलमधील एक वचन वाचत असे, त्यातील शब्द उच्चारून थांबत असे आणि त्या शब्दांनंतर त्यांचा अर्थ सांगत असे. लेखीही तसेच होते. आधी मूळ वचनाचे दोन-तीन शब्द यायचे, बहुधा अधोरेखित करून, आणि मग त्यांचे विवरण यायचे. अशी ओळ कितीही लांब गेली तरी ती मूळ शब्दांच्या मागून चालते. स्वतःचा विषय स्वतः निवडण्याची मुभा तिला नसते.

येथे ‘ग्लोसा’ आणि ‘पोस्तिला’ यांत भेद केला पाहिजे. ग्लोसा हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘जीभ’, आणि पुढे ‘स्पष्टीकरणाची गरज असलेला अपरिचित शब्द’. त्यावरून त्या शब्दाच्या स्पष्टीकरणालाही ग्लोसा म्हणू लागले. बाराव्या शतकात उत्तर फ्रान्समधील लाँ येथील आन्सेल्म (मृत्यू 1117) आणि त्यांच्या परंपरेतील विद्वानांनी बायबलवरील जुन्या आचार्यांची वचने एकत्र केली. या संग्रहाला पुढे ‘ग्लोसा ओर्दिनारिया’ हे नाव रूढ झाले. त्याचे पान पाहण्यासारखे असते. मधोमध मोठ्या अक्षरांत मूळ पाठ, त्याच्या ओळींमधल्या रिकाम्या जागेत एकेका शब्दाचे अर्थ आणि दोन्ही बाजूंच्या समासांत बारीक अक्षरांत दाट लिहिलेली वचने. कित्येक पानांवर मूळ पाठाच्या चारच ओळी असतात आणि उरलेले सारे पान टिपांनी व्यापलेले असते.

तेराव्या शतकात विद्यापीठे उभी राहिली, तसे विद्यार्थ्यांना हे विखुरलेले तुकडे अपुरे वाटू लागले. त्यांना पहिल्या वचनापासून शेवटच्या वचनापर्यंत सलग चालणारे विवरण हवे होते. ते ज्या प्रकारात आले त्याचे नाव पोस्तिला. पॅरिसमधील डोमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट-शेर (मृत्यू 1263) यांच्या देखरेखीखाली संपूर्ण बायबलवर पोस्तिला तयार झाल्या. त्यानंतरचे मोठे नाव नॉर्मंडीतील लीर गावचे फ्रान्सिस्कन संन्यासी निकोलस यांचे. आपण पाहिलेल्या सूचीत ते निश्चित असणार. त्यांची ‘पोस्तिला लित्तेरालिस’ साधारणपणे 1322 ते 1331 या काळात लिहिली गेली आणि 1349 मध्ये त्यांचे निधन झाले. ‘लित्तेरालिस’ म्हणजे अक्षरार्थाला धरून असणारी. निकोलस यांना हिब्रू येत होते आणि अकराव्या शतकातील ज्यू भाष्यकार राशी यांच्या टीकेचा त्यांनी जागोजागी नाव घेऊन आधार घेतला. एका ख्रिस्ती संन्याशाने ज्यू पंडिताचा अर्थ आदराने उतरवून घ्यावा आणि तोच ग्रंथ पुढील दोन शतके युरोपभर वाचला जावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. छपाई सुरू झाल्यावर 1471-72 मध्ये रोम येथे हा ग्रंथ छापला गेला. बायबलवरील छापील टीकाग्रंथांत तो पहिला मानला जातो.

यानंतर शब्दाला दोन वाटा फुटल्या.

एक वाट प्रवचनाची. मिस्सेत, म्हणजे चर्चमधील उपासनाविधीत, शुभवर्तमानाचा उतारा वाचून झाल्यावर त्याच उताऱ्यावर जे निरूपण होई, तेही ‘त्या शब्दांनंतर’ येणारेच होते. म्हणून अशा प्रवचनांच्या संग्रहांनाही पोस्तिला म्हणू लागले. मार्टिन लूथर यांचे प्रवचनसंग्रह याच नावाने प्रसिद्ध आहेत. पोलंडमध्ये मिकोवाय रेय यांची पोस्तिला 1557 मध्ये आणि लिथुआनियन भाषेत दाउक्शा यांची 1599 मध्ये निघाली. या भाषांच्या गद्याच्या इतिहासात या ग्रंथांना मानाचे स्थान आहे. समासातील टिपेचे नाव अशा रीतीने संपूर्ण ग्रंथाचे नाव झाले.

दुसरी वाट दप्तराची. जुन्या फ्रेंचमध्ये ‘पोस्तीय’ हे नाम होते, त्यावरून ‘टीप जोडणे’ या अर्थाचे क्रियापद झाले, त्यात आरंभी ‘आ’ आला, आणि त्या क्रियापदावरून ‘आपोस्तीय’ हे नाम रूढ झाले. पत्राच्या समासात किंवा शेवटी घातलेली टीप, तसेच एखाद्याच्या अर्जावर वजनदार माणसाने लिहिलेली शिफारस असे त्याचे अर्थ होते. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधील रूपे याच वळणाची आहेत. इटालियनमध्ये मात्र आजही ‘पोस्तिला’ असाच ‘आ’विना शब्द चालतो आणि त्याचा अर्थ समासातील टीप असाच आहे. हा आरंभीचा ‘आ’ नसता, तर आपोस्तलाचा भास कोणालाही झाला नसता.

तरीही आपोस्तलाची व्युत्पत्ती सांगणाऱ्यांना हसू नये. रोमन कायद्यात खालच्या न्यायालयाच्या निर्णयावर अपील झाले, की तेथील न्यायाधीश वरच्या न्यायालयाला एक पत्र देत असे आणि त्या पत्राला खरोखरच ‘आपोस्तोली’ असे नाव होते. धर्मसभेच्या कायद्यातही ते चालले. म्हणजे ‘पाठवलेला’ या अर्थाचा शब्द कागदालाही लागत असे. तो शब्द वेगळा आणि हा वेगळा, एवढेच.


पोथीसंग्राहक, डिचोली

वरील विवेचनाने समाधान झाले. दुभाषीबायच्या शेवटच्या प्रश्नाविषयी, म्हणजे मराठी प्रतिशब्दाविषयी, मी थोडे लिहितो. मात्र त्यासाठी आधी आपल्या पोथ्यांकडे वळावे लागेल.

मडगावच्या वाचकांनी ज्या पानाचे वर्णन केले, तसे पान आपल्याकडे घडले नाही असे कोणी समजू नये. आपल्या हस्तलिखितांत मूळ ग्रंथ मधोमध ठळक अक्षरांत आणि त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत टीका, अशा मांडणीला ‘त्रिपाठ’ म्हणतात. टीका डाव्या आणि उजव्या बाजूलाही पसरली, की तिला ‘पंचपाठ’ म्हणतात. अशी पोथी वाचताना डोळा आधी मधल्या श्लोकावर जातो, मग वर, मग कडेला, आणि पुन्हा मध्ये येतो. लेखनिकाला मूळ किती जागा घेईल आणि टीका किती पसरेल याचा अंदाज आधीच बांधावा लागे, कारण मधल्या श्लोकांची टीका त्याच पानावर संपली पाहिजे. ज्याने अशी पोथी हाताने उतरवली असेल, त्याच्या गणिताला खरोखर दाद द्यावी लागते.

आता भेदाचे. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या ‘अभिधानचिंतामणि’ या कोशात एका चरणात सांगून टाकले आहे: ‘टीका निरन्तरव्याख्या पञ्जिका पदभञ्जिका’. टीका म्हणजे सलग व्याख्या आणि पंजिका म्हणजे पदे फोडून दाखवणारी. वर ग्लोसा आणि पोस्तिला यांत जो भेद सांगितला, तो नेमका हाच आहे. योगायोग असा, की हेमचंद्र गुजरातेत हे लिहीत होता, त्याच शतकात लाँच्या शिष्यांचे पदशः अर्थांचे संग्रह युरोपात पसरत होते. दोन्हीकडे कोणी कोणाचे ऐकलेले नव्हते. ज्याच्यासमोर पवित्र ग्रंथ आणि विद्यार्थी दोन्ही असतात, त्याला हे दोन प्रकार वेगळे करावेच लागतात, असे मी यावरून समजतो.

म्हणून ग्रंथप्रकार या अर्थाने पोस्तिलेला मराठीत सर्वांत अचूक शब्द ‘टीका’ हाच आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ असे आहे, तेथील टीका ती हीच. परंतु आजच्या मराठीत टीका म्हणजे दोष दाखवणे असा अर्थ बळावला आहे. ‘निकोलस यांनी बायबलवर टीका केली’ असे लिहिले, तर गोव्यातील वाचक दचकेल आणि त्याचा दोष नाही. तेव्हा ‘सलग विवरण’ किंवा ‘विवरणात्मक टीका’ असे लिहावे आणि पहिल्या उल्लेखात ‘पोस्तिला’ हे मूळ नाव तसेच ठेवावे, हे मला योग्य वाटते.

‘समासातील टीप’ हा अर्थ असेल, तर मात्र शब्द शोधण्याची गरजच नाही. कागदाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेला मराठीत ‘समास’ म्हणतात आणि शाळेत पहिल्या दिवशी वहीला समास सोडायला शिकवतात. ‘समासातील टीप’ हे शब्द प्रत्येकाला कळतात. आपल्या लेखनिकांची यासाठी स्वतःची खूणही होती. ओळीत एखादा शब्द गळला, की तेथे ‘हंसपद’ काढायचे आणि गळलेला शब्द समासात लिहायचा. नको असलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासून ती झाकून टाकायची. आजही आपण एखाद्याच्या मेहनतीवर ‘हरताळ फासला’ म्हणतो, ते याच पोथीतून आले आहे.

समासातील लेखनाचा एक धोकाही सांगायला हवा, कारण तो मूळ प्रश्नाला लागून आहे. पुढचा लेखनिक प्रत उतरवताना समासात लिहिलेले गळालेले वाक्य आहे की कोणा वाचकाची टीप आहे, हे ओळखू शकत नाही आणि टीप मूळ ग्रंथात शिरते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे पाठभेद आणि प्रक्षेप साचले होते, म्हणून एकनाथांना शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध करावी लागली. बायबलमध्येही योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील, स्वर्गात साक्ष देणाऱ्या तिघांविषयीचे वाक्य लॅटिन प्रतींच्या समासातून मूळ पाठात आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. डच विद्वान इरास्मस यांनी 1516 आणि 1519 च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. त्यावर गदारोळ झाला आणि 1522 च्या आवृत्तीत ते आले. समासातील एका ओळीने धर्मशास्त्रात एवढा वाद उभा केला, म्हणून टिपेला टीपच म्हणणे आणि मूळ पाठाला मूळ पाठ म्हणणे ही भाषांतरकारावरची जबाबदारी आहे.


निवृत्त लेखनिक, म्हापसा

मी ग्रंथांचा अभ्यासक नाही, परंतु दप्तरातील समास मी आयुष्यभर पाहिला आहे, म्हणून लिहितो.

पोर्तुगीज काळातील नोंदणीची मोठी पुस्तके ज्यांनी उघडून पाहिली आहेत, त्यांना आठवेल की पानाचा मुख्य भाग ‘असेंतु’साठी, म्हणजे मूळ नोंदीसाठी असतो आणि कडेला रुंद समास मुद्दाम कोरा सोडलेला असतो. तो शोभेसाठी नव्हे. मूळ नोंद एकदा झाली, वाचून दाखवली आणि तिच्यावर सह्या झाल्या, की तिच्यातील एक अक्षरही कोणी खोडायचे नाही, हा नियम. त्यानंतर त्या माणसाच्या आयुष्यात जे घडेल, म्हणजे विवाह झाला, विवाह मोडला, नावात दुरुस्तीचा हुकूम आला, मृत्यू झाला, ते सारे समासात तारीख व सही घालून लिहायचे. याला ‘आवेर्बामेंतु’ म्हणतात. त्या शब्दातही ‘वेर्बा’चेच मूळ, म्हणजे ‘शब्द’ आहे, हे वरील लॅटिन फोड वाचून माझ्या लक्षात आले. एखाद्या जुन्या पानावर मूळ नोंद एका हस्ताक्षरात, विवाहाची टीप दुसऱ्या शाईत, आणि मृत्यूची टीप तिसऱ्याच माणसाच्या हाताची, काही वेळा पोर्तुगीज जाऊन इंग्रजी आलेली, असे दिसते. लोक आमच्याकडे ‘तेओर’, म्हणजे शब्दशः पूर्ण नक्कल मागत, तेव्हा समासातील सर्व टिपा उतरवल्याशिवाय ती नक्कल पूर्ण होत नसे. भाषांतरातही हेच पाळावे, अशी माझी दुभाषीबायना कळकळीची विनंती आहे. मी अशी भाषांतरे पाहिली आहेत, ज्यांत मूळ नोंद छान उतरलेली असते आणि समास पूर्ण गाळलेला असतो. मग विवाह झाला होता की नव्हता, हेच पुढच्या कार्यालयाला कळत नाही आणि कुटुंबाला पुन्हा हेलपाटे घालावे लागतात.

आता अपोस्टीलबद्दल. हेग येथील ज्या कराराने ती सुरू झाली, तो 5 ऑक्टोबर 1961 चा आहे. त्याच वर्षी 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला, म्हणून ही तारीख माझ्या लक्षात राहिली. पोर्तुगालमध्ये तो 1969 मध्ये अमलात आला आणि भारतात 14 जुलै 2005 पासून. त्याआधी आपला दाखला परदेशात चालावा म्हणून एकेका पायरीवर सह्या घेत शेवटी त्या देशाच्या वकिलातीपर्यंत जावे लागत असे. करारामुळे ती साखळी तुटली आणि एकच प्रमाणपत्र पुरेसे झाले. त्याचा नमुना ठरलेला आहे: चौकोनाची बाजू किमान 9 सेंटिमीटर, आत क्रमांक घातलेले दहा रकाने, आणि वरचे शीर्षक कोणत्याही देशात फ्रेंचमध्येच. शीर्षक फ्रेंच ठेवायचे असे करारातच असल्यामुळे हा शब्द भाषांतराविना जगभर फिरला आणि आपल्याकडेही तसाच आला. करारात असेही आहे, की हे प्रमाणपत्र कागदावरच असावे किंवा कागदाला जोडलेल्या पुरवणीवर असावे. सुटे, स्वतंत्र असे ते नसतेच. टीप म्हणून त्याचे जुने लक्षण येथे टिकून आहे.

परंतु एक गोष्ट पूर्णपणे बदलली आहे आणि ती लोकांना नीट सांगितली पाहिजे. बायबलवरील पोस्तिला मजकुराचा अर्थ सांगत असे. अपोस्टील मजकुराला हातही लावत नाही. कागदावरील सही खरी आहे, सही करणाऱ्याला तो अधिकार होता आणि शिक्का खरा आहे, एवढेच ती सांगते. ‘अपोस्टील झाली म्हणजे सरकारने मजकूर खरा मानला’ असे समजून कित्येकजण जन्मतारखेतील चूक तशीच ठेवून अपोस्टील करून घेतात आणि परदेशात अडकतात. आधी समासात दुरुस्तीची नोंद करून घ्यावी, नवी नक्कल काढावी आणि मगच तिच्यावर अपोस्टील घ्यावी, हा क्रम आहे.

प्रतिशब्दांपैकी ‘शेरा’विषयी दोन शब्द. कार्यालयात अर्जावर अधिकारी जे लिहितो तो शेरा. या शब्दाचे नाते अरबी ‘शर्ह’शी जोडले जाते आणि शर्ह म्हणजे ग्रंथावरील विवरण. म्हणजे हाही शब्द धर्मग्रंथाच्या अभ्यासातून दप्तरात आलेला. पोस्तिलेची वाट आणि शेऱ्याची वाट इतकी सारखी आहे, की ‘आपोस्तिला’ हा शब्द जुन्या सरकारी अर्जाच्या कडेला आढळला, तर मी निःसंकोचपणे ‘शेरा’ लिहीन.


दुभाषी, फोंडा

तिघांचेही मनापासून आभार. एक उदाहरण समोर ठेवते. सध्या माझ्याकडे एक जुनी जन्मनोंद आहे आणि तिच्या समासात विवाहाची टीप आहे. तिचे भाषांतर मी मूळ नोंदीखाली वेगळ्या परिच्छेदात देते आणि आरंभी ‘समासातील नोंद:’ असे शीर्षक घालते. मूळ पानावर ती कडेला असली तरी टंकलिखित कागदावर तेवढा समास ठेवता येत नाही. ही मांडणी ठीक आहे काय? दुसरे, त्याच कुटुंबाकडे एक हस्तलिखित वही आहे. ती सेमिनारमध्ये, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, शिकणाऱ्या पूर्वजाची असून मुखपृष्ठावर ‘पोस्तिला’ असे लिहिले आहे. आत मात्र बायबल नाही, तर्कशास्त्राचे धडे आहेत. तेथे काय लिहावे?


लॅटिनवाचक, मडगाव

वहीचे उत्तर सोपे आहे आणि शब्दाच्या इतिहासात ते बसते. पोर्तुगीजमध्ये पोस्तिला किंवा आपोस्तिला याचा एक अर्थ ‘शिक्षकाने वर्गात सांगितलेली आणि विद्यार्थ्याने उतरवून घेतलेली टिपणे’ असा आहे. ब्राझीलमध्ये तर आजही अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेला आपोस्तिला म्हणतात. शिक्षकाने ग्रंथातील वाक्य वाचायचे आणि त्या शब्दांनंतर स्पष्टीकरण सांगायचे, हीच पद्धत तर्कशास्त्राच्या वर्गातही होती. फक्त बायबलच्या जागी दुसरा ग्रंथ आला. तेव्हा मुखपृष्ठावर ‘पाठाची टिपणे’ असे लिहावे. येथे ‘टीका’ किंवा ‘विवरण’ नको, कारण ही वही विद्यार्थ्याची आहे, भाष्यकाराची नव्हे. वहीत प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी दोन-तीन लॅटिन शब्द अधोरेखित केलेले आहेत काय, हे जरूर पाहा. असतील तर ते मूळ ग्रंथातील शब्द असतील आणि कोणता ग्रंथ शिकवला जात होता, हे त्यांवरून ओळखता येईल. भाषांतरात ते शब्द ठळक अक्षरांत वेगळे ठेवावेत.


निवृत्त लेखनिक, म्हापसा

जन्मनोंदीची मांडणी योग्य आहे. फक्त शीर्षकात ‘समासातील नोंद क्रमांक 1’ असे लिहावे, जरी टीप एकच असली तरी, आणि टिपेखालची तारीख व सहीचा उल्लेख टिपेबरोबरच ठेवावा. मूळ नोंदीची सही आणि टिपेची सही वेगवेगळ्या माणसांच्या असतात. भाषांतरात दोन्ही एकाखाली एक आल्या, की कोणाची सही कशावर आहे याचा घोटाळा होतो. सही वाचता येत नसेल तर अंदाजाने नाव घालू नये, ‘सही अस्पष्ट’ असे लिहावे. समासात काहीच नसेल, तर ‘समास कोरा’ असेही अवश्य लिहावे. त्यामुळे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळते, की भाषांतरकाराने तो पाहिला आहे.